स्वस्त हँड ग्राइंडर: आधी डगमग घालवा, मग बाकीचं

प्रश्न थोडक्यात असा आहे: घरी दीड-दोन हजारांचा, स्टीलच्या नळीसारखा, सिरॅमिक बरचा (बर म्हणजे बी दळणारा दातेरी भाग) हँड ग्राइंडर आहे. चांगली ताजी भाजलेली बी आणून व्ही-६०वर (कागदी फिल्टर लावायचा शंकू, त्यात वरून पाणी ओततात) कॉफी केली, तरी एकाच कपात ती आंबटही लागते आणि मागून कडूही. क्लिक (दळणाची जाडी ठरवणारे टप्पे) बदलून पाहिले, फरक पडत नाही. नवा ग्राइंडर घ्यावा, की आहे त्यातच काही करता येईल? आणि घरातला मिक्सर या कामाला चालेल का?

आहे त्यात बरंच करता येतं आणि खर्च शे-दोनशे रुपयांच्या आसपास राहतो. मात्र लोक ज्या क्रमाने सुधारणा करतात तो सहसा उलटा असतो. आधी हँडलऐवजी ड्रिल लावतात, मग चाळण्या विकत घेतात आणि मूळ दोष तसाच राहतो. तो दोष म्हणजे आतला बर मध्यावर फिरत नाही. खुंटा सैल झालेल्या जात्याला कितीही टाकी लावली तरी पीठ एकसारखं येत नाही, तसंच इथेही आहे.

आंबट आणि कडू एकदम लागणं ही असमान दळणाची खूण आहे. दळणात मोठी भरड असते, तिच्या गाभ्यापर्यंत पाणी पोचत नाही. तिच्यामुळे कॉफी आंबट, पाणचट होते. त्याच दळणात वस्त्रगाळ म्हणावं इतकं बारीक पीठही असतं. त्यातून पाणी नको ते सगळं ओढून घेतं आणि कडूपणा, तुरटपणा येतो. क्लिक बदलल्याने सरासरी जाडी सरकते, पण भरड आणि पीठ यांच्यातलं अंतर तेवढंच राहतं. म्हणून क्लिक फिरवून उत्तर मिळत नाही. कपात फक्त आंबटपणा असेल, तर मात्र ग्राइंडर उघडायची गरज नाही. दोन क्लिक बारीक करा, बहुतेक वेळा तेवढ्यावर भागतं.

आधी दोष नेमका कुठे आहे ते बघा

या प्रकारच्या ग्राइंडरची रचना जवळजवळ सारखीच असते, कारण यातले बहुतेक जपानी पोर्लेक्स मिनीच्या धर्तीवर केलेले असतात. मधोमध एक दांडा. त्याला वर एक आणि बरच्या जरा वर एक असे दोन प्लास्टिकचे बुश, म्हणजे दांडा मध्यावर धरून ठेवणाऱ्या छोट्या नळ्या. बाहेरचा सिरॅमिक बर प्लास्टिकच्या कड्यात बसवलेला आणि ते कडं खालून नळीत अडकवलेलं. आतला शंकूसारखा बर दांड्याच्या टोकावर, त्याच्यावर एक स्प्रिंग, आणि खालून चाकासारखा नट. नट आवळला की आतला बर वर सरकतो, फट कमी होते आणि दळण बारीक येतं. सैल केला की स्प्रिंग बरला खाली ढकलते.

पहिलं काम शून्य शोधण्याचं. खालचा डबा काढा. ग्राइंडर रिकामा हवा, एकही बी आत नको. नट हळूहळू आवळत जा आणि प्रत्येक क्लिकनंतर ग्राइंडर आडवा धरून हँडल सोडून बघा. जोवर हँडल स्वतःच्या वजनाने खाली पडतं तोवर बर एकमेकांना टेकलेले नाहीत. ते पडायचं थांबलं की शून्य आलं. याच्या पुढे आवळून फिरवू नका. सिरॅमिक कठीण असतं पण ठिसूळ. बरवर बर घासला तर कडेचे टवके उडतात, आणि ते कॉफीत जातात. ‘किती क्लिक’ हा आकडा कायम या शून्यापासून मोजायचा. दुसऱ्याच्या ग्राइंडरचा आकडा आपल्याला लागू पडत नाही.

आता शून्यापासून आठ-दहा क्लिक सैल करा, मोबाइलचा टॉर्च वरून आत सोडा आणि खालून दोन्ही बरमधली फट बघत हँडल सावकाश फिरवा. फट सगळीकडे सारखी असेल तर नशीबवान आहात, पुढचा भाग सोडून दळण्याच्या पद्धतीकडे जा. नसेल तर मोठी फट हँडलबरोबर गोल फिरते की एकाच जागी राहते, हे नीट बघा. हँडलबरोबर फिरत असेल तर दोष आतल्या बाजूला आहे: आतला बर दांड्यावर सैल आहे किंवा दांडाच वाकडा आहे. मोठी फट एकाच बाजूला स्थिर असेल तर बाहेरचा बर किंवा त्याचं कडं तिरकं बसलं आहे. फट फिरतही नाही आणि स्थिरही नाही, बोटाने आतला बर बाजूला रेटला की कुठेही सरकते, असं असेल तर बुश सैल आहेत. स्वस्त ग्राइंडरमध्ये तिसरा प्रकार सगळ्यात जास्त दिसतो. अनेकदा दोन प्रकार एकत्रही असतात, तेव्हा बाहेरून आत अशा क्रमाने दुरुस्ती करा.

बाहेरचा बर

कडं काढा. त्याच्या कडेला साच्यातून निघताना राहिलेली प्लास्टिकची बारीक रेघ असते. नखाला जाणवते. ही रेघ कडं एका बाजूने उचलून धरते. ब्लेडने ती हलक्या हाताने खरवडून काढा. नुसत्या एवढ्यानेच निम्मे तिरके बर सरळ होतात.

मग कडं नळीत घालून हलवून बघा. सैल असेल तर कड्याच्या बाहेरच्या बाजूला प्लंबरची पांढरी टेफ्लॉन टेप एक-दोन वेढे गुंडाळा. ही टेप साधारण ०.०७५ मिलिमीटर जाडीची असते आणि दाबली की आणखी पातळ होते, त्यामुळे दोन वेढ्यांनी फार घट्ट होत नाही. टेप फक्त नळी आणि कडं यांच्या मध्ये राहिली पाहिजे. कॉफी जिथून खाली पडते तिथे तिचं टोक डोकावता कामा नये. सिरॅमिकचा बर कड्यातच खुळखुळत असेल तर तिथेही हाच उपाय. गोंद, फेव्हिक्विक, एपॉक्सी यांतलं काहीही बरजवळ नको. एकदा चिकटवलेला बर धुवायला निघत नाही, आणि गोंदाचे कण दळणात येतात.

कडं घट्ट बसूनही तिरकं असेल तर खालच्या बाजूला पापुद्रा द्यावा लागतो. स्वयंपाकघरातली ॲल्युमिनियम फॉइल यासाठी उत्तम. तिची जाडी १० ते १८ मायक्रॉनच्या (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन) घरात असते, म्हणजे घडी घालत अगदी बारीक पायऱ्यांनी उंची वाढवता येते. कुठे पापुद्रा द्यायचा ते कळण्यासाठी व्हाइटबोर्ड मार्करची युक्ती करा. आतल्या बरच्या खालच्या, बारीक दातांच्या कडांना मार्करची शाई लावा, ती वाळू द्या, जोडणी करा, शून्यावर आणा आणि हँडल फक्त अर्धा फेरा, तोही अलगद, फिरवा. उघडून बघा. शाई सगळीकडून सारखी पुसली गेली तर बर सरळ आहेत. त्याऐवजी बाहेरच्या बरवर एकाच बाजूला शाईचा डाग उमटला असेल तर ती बाजू जास्त जवळ आहे. त्याच बाजूच्या कड्याखाली फॉइलचा छोटा तुकडा द्या, बर साबणाने धुवा, कोरडे करा, पुन्हा तपासा. दोन-तीन फेऱ्यांत जमतं. अगदी काटेकोर जमलं नाही तरी चालेल. बुश सैल असतील तर ते बदलल्याशिवाय ही सगळी मेहनत तशीही वाया जाते.

आतला बर, दांडा आणि बुश

आतला बर दांड्याच्या चपट्या भागावर बसतो. तो तिथे डुलत असेल तर चपट्या बाजूला शीतपेयाच्या कॅनमधून कापलेली बारीक पट्टी लावा. कॅनचा पत्रा सुमारे ०.१ मिलिमीटर जाड असतो. कापलेल्या कडा पॉलिश पेपरवर घासून घ्या, नाहीतर बोट कापेल. इथे टेफ्लॉन टेपही चालते, कारण बर आणि दांडा एकत्र फिरतात, त्यांच्यात घासाघीस होत नाही.

बुशचं तसं नाही. तिथे दांडा फिरतो आणि बुश स्थिर असतो. अनेक जण दांड्याला टेप गुंडाळून बुशमध्ये घालतात आणि दोन दिवस खूष असतात. मग टेप फाटून तिचे पांढरे तंतू कॉफीत दिसू लागतात. हे करू नका.

योग्य उपाय म्हणजे नवा बुश. डिजिटल कॅलिपरने दांड्याचा व्यास तीन ठिकाणी मोजा, कारण स्वस्त दांडे सगळीकडे सारखे नसतात. सर्वांत जाड आकडा धरा. जवळच्या लेथवाल्याकडे जाऊन डेल्रिनच्या (एक टणक प्लास्टिक) सळईतून बुश कातून घ्या. आतलं भोक दांड्यापेक्षा ०.०५ ते ०.१ मिलिमीटर मोठं, बाहेरचा व्यास जुन्या बुशच्या जागेत बोटाने जोर देऊन बसेल इतका, आणि लांबी जागा देईल तितकी जास्त. दहा-बारा मिलिमीटर मिळाली तर उत्तम. लांबीकडे लोक दुर्लक्ष करतात, पण तीन मिलिमीटरचा अचूक बुशसुद्धा दांडा तिरका होणं रोखू शकत नाही. कॉफी खाली जायची वाट मात्र अडवू नका.

लेथवाला ‘नायलॉन आहे, तेच वापरू’ म्हणेल. नायलॉन हवेतला ओलावा शोषून फुगतं. मुंबईत किंवा कोकणात जुलैमध्ये दांडा जाम होईल आणि जानेवारीत पुन्हा सैल. टेफ्लॉनची सळई मऊ असते, एका बाजूच्या दाबाखाली हळूहळू दबते. पितळेचा बुश टिकतो, पण वंगण मागतो आणि त्याची झीज कॉफीत जाते. म्हणून डेल्रिनच.

बेअरिंग बसवावं का, हा पुढचा प्रश्न येतोच. मुंबईत नागदेवी स्ट्रीटसारख्या ठिकाणी ५ मिलिमीटरच्या दांड्यासाठी एमआर १०५ (५ × १० × ४) किंवा ६९५ (५ × १३ × ४), आणि ६ मिलिमीटरसाठी एमआर १०६ (६ × १० × ३) सहज मिळावं. घ्यायचंच असेल तर दोन्ही बाजूंना रबरी सील असलेलं, म्हणजे नावापुढे २आरएस लिहिलेलं घ्या. नुसत्या पत्र्याच्या झाकणाच्या झेडझेड बेअरिंगमध्ये कॉफीचं पीठ शिरतं, तेलकट होऊन थिजतं आणि काही महिन्यांत बेअरिंग खरखरू लागतं. पण खरं सांगायचं तर हात मिनिटाला ऐंशी-शंभर फेरे मारतो. एवढ्या वेगाला बेअरिंगची गरज नसते, अचूक आणि लांब बुश पुरतो. शिवाय बेअरिंगसाठी प्लास्टिकच्या प्लेटला हाताच्या ड्रिलने भोक पाडलं तर ते मध्यावर येत नाही, आणि ज्यासाठी एवढा खटाटोप केला तोच दोष दुप्पट होऊन परत येतो. दांडा वरपासून खालपर्यंत षटकोनी असेल तर बेअरिंगचा विचारही नको, त्याला आधी गोल कातावं लागेल.

हारियो स्कर्टनसारख्या जुन्या काचेच्या भांड्याच्या ग्राइंडरमध्ये गोष्ट वेगळी आहे. तिथे दांड्याला आधार फक्त वरून आहे, खालचं टोक लोंबकळतं. जितकं जाड दळाल तितका आतला बर जास्त डोलतो. म्हणून त्यातून बारीक दळण बरं येतं आणि फ्रेंच प्रेसचं दळण अगदी भयंकर. त्याला खालच्या आधाराचं वेगळं कडं लागतं. नुसता वरचा बुश बदलून भागत नाही.

स्प्रिंग दमली असेल तर दळताना नट आपोआप फिरून क्लिक सरकतात. दळण्याआधी आणि नंतर क्लिक मोजले की हे लगेच कळतं. स्प्रिंगच्या वर, बुशच्या बाजूला, स्टेनलेस वॉशर घाला. ५ मिलिमीटरच्या दांड्याला एम५ चा वॉशर (जाडी १ मिलिमीटर), ६ च्या दांड्याला एम६ चा (जाडी १.६). एक पुरतो. दोन-तीन घातले तर बारीक सेटिंगला स्प्रिंग पूर्ण मिटते आणि शून्यापर्यंत पोचताच येत नाही.

जोडताना बुशच्या आत मोहरीएवढं फूड ग्रेड सिलिकॉन ग्रीस. गोडं तेल, खोबरेल, शिलाई मशीनचं तेल यांतलं काहीही नको. खायचं तेल खवट होतं, आणि मशीनचं तेल पोटात जायच्या लायकीचं नसतं. जोडणी झाल्यावर शून्य पुन्हा शोधा, ते बहुधा दोन-तीन क्लिक सरकलेलं असेल. पहिलं पंधरा-वीस ग्रॅम दळण जुन्या बियांचं करा आणि फेकून द्या.

दळण्याची पद्धत

बर सरळ झाल्यावरही अर्धं काम हाताचं आहे. वरचं भांडं बियांनी गच्च भरलं की बरच्या तोंडाशी बिया एकमेकींवर घासतात, आधीच फुटलेले तुकडे पुन्हा पुन्हा चिरडले जातात आणि पीठ वाढतं. ग्राइंडर ४५ अंशांत तिरका धरून दळा. मग एका वेळी चार-पाच बियाच बरमध्ये जातात. वेळ जरा जास्त लागतो, पण पीठ कमी झालेलं फिल्टरमध्ये स्पष्ट दिसतं: पाणी लवकर उतरतं आणि तळाशी चिखल साचत नाही. हँडल एकसारख्या गतीने फिरवा. झटके दिले की दांडा बुशमध्ये बाजूला रेटला जातो.

बिया आधी ताटात पसरून तांदूळ निवडतो तशा निवडा. एखादा खडा सिरॅमिक बरचा दात उडवायला पुरेसा असतो. स्टीलचा बर खड्याने बोथट होतो, सिरॅमिकचा थेट तुटतो.

बिया दळायच्या आधी चमच्याची दांडी पाण्यात बुडवून बियांमधून फिरवा. १५ ग्रॅमला एक-दोन थेंब भरपूर झाले. यालाच रॉस ड्रॉपलेट टेक्निक म्हणतात. दळताना बी फुटते आणि घासते, त्यातून स्थिर वीज तयार होते आणि पीठ डब्याच्या भिंतींना चिकटतं. ओलाव्याने ती कमी होते. ओरेगन विद्यापीठातल्या ख्रिस्तोफर हेंडन यांच्या गटाने २०२३ साली यावरचं संशोधन प्रसिद्ध केलं, त्यात बीतला ओलावा आणि भाजणी यांवर वीज किती तयार होते ते अवलंबून असतं असं दिसलं. गडद भाजलेली बी जास्त कोरडी, म्हणून तिचा त्रासही जास्त. पुण्याच्या किंवा विदर्भाच्या कोरड्या हिवाळ्यात हा उपाय हवाच. मुंबईच्या पावसाळ्यात बहुतेकदा लागत नाही.

हात दुखतो म्हणून ड्रिल लावणारे पुष्कळ. लावता येतं, पण सिरॅमिकला जपून. वेग-नियंत्रण असलेला बॅटरीचा ड्रिल, पहिला गिअर, ट्रिगर जेमतेम दाबलेला, वेग मिनिटाला शंभर-सव्वाशे फेऱ्यांपेक्षा जास्त नाही. क्लच सर्वांत खालच्या आकड्यावर ठेवा, म्हणजे खडा आला तर क्लच कटकट वाजवून सुटेल, बर तुटणार नाही. दांड्याच्या डोक्याला पाच कोन आहेत की सहा, ते आधी मोजा. पाच असतील तर बाजारातला सॉकेट बसणार नाही, जुन्या हँडलचाच तुकडा कापून त्याला बोल्ट जोडावा लागेल. विजेवरचा भोकं पाडायचा ड्रिल यासाठी अजिबात नको. त्याच्या वेगाने प्लास्टिकचा बुश तापतो, मऊ होतो आणि त्याची काळपट भुकटी दळणात येते. ड्रिलने फक्त वेळ आणि हाताचे कष्ट वाचतात, कॉफीची चव त्याने सुधारत नाही.

हात घसरतो ही तक्रार असेल तर सायकलच्या जुन्या ट्यूबचा चार बोटं रुंद तुकडा कापून, साबणाने धुऊन, नळीवर चढवा. हँडलचं भोक गोल होऊन डोक्यावर घसरत असेल तर पुन्हा तीच कॅनची पट्टी, भोकाच्या आत.

चाळणं

हे सगळं करूनही भरड उरतेच. ती काढायला चहाची गाळणी पुरते, आणि भरड काढणं हे पीठ काढण्यापेक्षा जास्त उपयोगाचं आहे. दळण गाळणीत घाला, हलवा. वर राहिलेली भरड पुन्हा ग्राइंडरमधून काढा, शक्यतो त्याच क्लिकवर. दुसऱ्यांदा ती बरीचशी उतरते.

मोजून काम करायचं असेल तर हार्डवेअरवाल्याकडे स्टेनलेसची जाळी मेशच्या आकड्याने मिळते. प्रयोगशाळेच्या मापाने २० नंबरची जाळी म्हणजे ८५० मायक्रॉन, ३० म्हणजे ६००, ४० म्हणजे ४२५ आणि ६० म्हणजे २५०. बाजारच्या जाळीत तारेच्या जाडीप्रमाणे हा आकडा इकडेतिकडे होतो, तेव्हा त्याला अंदाज समजा. व्ही-६०साठी २० नंबरच्या वर राहतं ते पुन्हा दळायचं. ६० नंबरच्या खाली पडतं ते पीठ काढायचं असेल तर निदान एक मिनिट चाळावं लागतं, कारण पीठ मोठ्या कणांना चिकटून बसतं. दहा-पंधरा टक्क्यांपेक्षा जास्त पीठ काढू नका. सगळं पीठ काढलेली कॉफी फिकी, अंगात काही नसल्यासारखी लागते. आणि पीठ काढल्यावर पाणी झपाट्याने उतरतं, म्हणून एक-दोन क्लिक बारीक दळावं लागतं. काढलेलं पीठ फेकू नका. डब्यात साठवून दक्षिणी फिल्टरच्या पुडीत मिसळा.

रोज सकाळी कामाच्या घाईत हे कोणी करणार नाही. चाळणं रविवारचं काम आहे. रोजसाठी सरळ बर आणि तिरका ग्राइंडर एवढंच बास.

सुधारणा झाली की नाही ते असं तपासा: १५ ग्रॅम कॉफी, २४० मिलिलिटर पाणी, उकळल्यावर अर्धा-एक मिनिट थांबून ओतलेलं. सुरुवात शून्यापासून आठ-नऊ क्लिकवर करा. शेवटचा थेंब अडीच ते साडेतीन मिनिटांत उतरायला हवा. दोन मिनिटांच्या आत उतरली आणि आंबट लागली तर बारीक करा. चार मिनिटं ओलांडून कडू लागली तर जाड करा. आता प्रत्येक क्लिकला चवीत स्पष्ट फरक पडला पाहिजे. तो पडू लागला की बर मध्यावर आले. मोकासाठी (गॅसवर ठेवायचं कॉफीचं भांडं) चार-सहा क्लिक, फ्रेंच प्रेससाठी बारा-चौदा. पण प्रत्येक ग्राइंडरचे आटे वेगळे असतात. एका क्लिकला बर किती सरकतो ते काढणं सोपं आहे: नटाच्या एका पूर्ण फेऱ्यात किती क्लिक येतात ते मोजा आणि आट्याच्या अंतराला त्याने भागा. नेहमीच्या एम६ आट्याचं अंतर १ मिलिमीटर, एम५ चं ०.८. फेऱ्यात १२ क्लिक असतील तर एम६ वर एक क्लिक म्हणजे ८३ मायक्रॉन. एस्प्रेसोला ही पायरी फार मोठी पडते. एका क्लिकवर मशीन तुंबतं आणि पुढच्यावर पाणी धो धो येतं. म्हणून या ग्राइंडरने एस्प्रेसोचा नाद करू नका. बुश कितीही चांगला केला तरी पायरी तेवढीच राहते.

मिक्सर

चालेल, पण व्ही-६०ला नाही. दक्षिणी फिल्टर, मोका आणि चाळून घेतल्यास फ्रेंच प्रेस, एवढ्यापुरताच. मिक्सरचं पातं बी दळत नाही, फोडतं, आणि मिनिटाला अठरा-वीस हजार फेऱ्यांच्या वेगाने तापवतंही. चटणीचं भांडं घ्या आणि ३० ते ४० ग्रॅम बी घाला. त्याहून कमी घातली तर बिया पात्याला न लागता भांड्याभर उडत राहतात. बटण पल्सकडे एक सेकंद फिरवा, तीन-चार सेकंद थांबा, भांडं काढून उलटसुलट हलवा, पुन्हा एक सेकंद. अशा आठ-दहा पल्समध्ये मोकाजोगं दळण येतं. सलग दहा सेकंद चालवलं तर खाली पीठ, वर अख्खी बी आणि भांडं गरम. पाचव्या-सहाव्या पल्सनंतर चाळून, वर राहिलेलंच पुन्हा भांड्यात घातलं तर दळण बरंच सुधारतं.

भांड्याला मसाल्याचा वास असतो. मूठभर कोरडे तांदूळ फिरवून फेकून दिले की भांड्याचा वास जातो, पण झाकणाच्या रबराचा जात नाही. लसणाचा वास त्यात महिनोन् महिने राहतो. त्या मापाचं दुसरं रबर आणून कॉफीसाठी वेगळं ठेवा. तांदळाची ही युक्ती बरच्या ग्राइंडरला मात्र करू नका. कच्चा तांदूळ कॉफीच्या बीपेक्षा बराच कठीण असतो. हँड ग्राइंडरमध्ये बुशवर ताण येतो आणि विजेच्या स्वस्त ग्राइंडरमध्ये मोटर अडकते.

विजेच्या ग्राइंडरबद्दल एवढंच: बाराट्झा एन्कोर कोणाकडे असेल तर त्यात त्याच कंपनीच्या वरच्या व्हर्च्युओसो मॉडेलचा एम२ बर बसतो. तो बदल खरोखर उपयोगाचा आहे. बाकी चौकोनी डब्यासारख्या स्वस्त ग्राइंडरमध्ये बरच्या नावाखाली बोथट दातांच्या दोन चकत्या असतात. त्या बी चिरत नाहीत, चिरडतात. त्यांना पापुद्रे देऊन बारीक दळण आणता येतं, एकसारखं नाही. त्यांच्यावर वेळ घालवण्यासारखं काही नाही.

स्वच्छता, आणि कधी थांबायचं

दर आठवड्याला कोरड्या ब्रशने बर झाडा. महिन्यातून एकदा सिरॅमिक बर काढून भांडी घासायच्या सौम्य साबणाने धुवा आणि रात्रभर वाळू द्या. ओलसर राहिलेल्या कोपऱ्यात पीठ बसून घट्ट होतं, पावसाळ्यात बुरशीही धरतं. स्टीलचा बर पाण्याने धुऊ नका. गडद भाजलेल्या तेलकट बियांचं दळण असेल तर ब्रश तीन-चार दिवसांनी फिरवा. जुनं तेल खवट झालं की चांगल्या बीलाही जुन्या शेंगदाण्यासारखा वास येतो, आणि लोक बी भाजणाऱ्याला दोष देतात.

दुरुस्ती किती काळ करत राहायची? आतल्या बरचे दात टॉर्चच्या उजेडात बघा. कडा गोल झाल्या असतील किंवा टवके उडाले असतील तर बुशवर खर्च करू नका. सुटे सिरॅमिक बर मिळणं कठीण, मिळाले तरी त्याच कड्यात बसतील असं नाही. दांडा वाकलेला असेल तरी तेच. सपाट काचेवर लोळवून बघा, टोक उड्या मारत असेल तर तो सरळ होणार नाही. अशा वेळी स्टील बरचा, दांड्याला दोन बेअरिंग असलेला हँड ग्राइंडर घ्या, टाइममोर सी२ किंवा किंगग्राइंडर पी मालिकेच्या वर्गातला. किंमत आताच्याच्या तिप्पट-चौपट पडेल. सिरॅमिकला १५ ग्रॅमसाठी तीन मिनिटं लागतात, त्याला मिनिटाच्या आसपास पुरतं. घेताना दुकानात हँडल काढून दांडा बोटांत धरा आणि बाजूला हलवून बघा. दांडा हलला तर तो नग परत द्या आणि दुसरा मागा.